बंद घराची जाग

दापोली तालुक्यातील आमच्या घरी चोरी झाल्याचा फोन आला आणि आम्ही पुण्याहून ताम्हिणी घाटाने निघून दुपारी तिथे पोहोचलो, तेव्हा माजघरातील फडताळाच्या वरच्या फळीवर, धुळीत उमटलेला एक स्वच्छ चौकोन पहिल्यांदा माझ्या नजरेस पडला. चौकोनामागे भिंतीलगत चार काळ्या वायरी कापलेल्या अवस्थेत लोंबत होत्या. त्या जागी डीव्हीआर, म्हणजे घराभोवतीच्या चार कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारी पेटी, ठेवलेली होती. आजीचे तांब्याचे घंगाळ, दोन समया आणि पितळेचे हंडे यांच्याबरोबर चोरांनी ती पेटीही काखोटीला मारून नेली होती. कॅमेरे मात्र आपापल्या जागी शाबूत होते. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी "फुटेज आहे का?" असे विचारले, तेव्हा मी त्यांना तो धुळीतला चौकोन दाखवला.

ही २०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्या चोरीत भांड्यांखेरीज आणखी दोन गोष्टी आम्ही गमावल्या, पुरावा आणि वेळ. शेजारच्या वहिनींना आमचे मागचे दार उघडे दिसले तो रविवार होता. पण चोरी आदल्या रात्रीची की आठवडाभर आधीची, हे कोणालाही सांगता येईना. आई गेल्यापासून ते घर बंद असते. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढेच दिवस ते उघडले जाते. अशी बंद घरे आज कोकणात वाडीवाडीत आहेत, त्यांचे मालक मुंबई-पुण्यात किंवा त्याहूनही दूर आहेत, आणि जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ येऊन गेले तेव्हा आपल्या घरावर कौले उरली आहेत की नाहीत, एवढे कळायलाही आमच्यासारख्या अनेकांना कित्येक दिवस वाट पाहावी लागली होती. कुलूप, कडी, गडग्यावरची काटेरी तार हे सारे घराला हवेच. परंतु यांतील एकही वस्तू मालकाला हाक मारत नाही. पुढच्या वर्षी आम्ही क्लाउडशी जोडलेले कॅमेरे बसवले ते हाच विचार करून, आणि त्यांच्या वापरातून जे समजले ते बंद घर असलेल्या प्रत्येकाला उपयोगी पडेल, अशा खात्रीने हे लिहीत आहे.

या कॅमेऱ्यांचा सर्वांत मोठा फायदा साठवणुकीच्या जागेत आहे. आवारात हालचाल झाली की कॅमेरा त्याच क्षणी चित्रीकरण सुरू करतो आणि ते इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवू लागतो. म्हणजे चोराने मान वर करून कॅमेरा पाहिला आणि त्याच्याकडे हात नेला, तोवर त्याचा चेहरा घराबाहेर, शेकडो किलोमीटर दूर पोहोचलेला असतो. नंतर त्याने कॅमेरा फोडला किंवा उचलून नेला, तरी नुकसान कॅमेऱ्याच्या किमतीएवढेच होते. उलट, घरातल्याच पेटीत सगळे साठवणारी व्यवस्था ही किल्ली दाराशेजारच्या खुंटीला टांगून दार लावण्यासारखी आहे, आणि हे आज सराईत चोरांना आपल्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे.

दुसरा फरक थोडा तांत्रिक आहे, पण तो समजून घेतलेला बरा. जुना डीव्हीआर बसवताना "मोबाइलवर पुण्यातून दिसेल" असे आम्हाला सांगितले गेले होते, आणि ते कधीच नीट दिसले नाही. बाहेरून त्या पेटीपर्यंत पोहोचायचे तर राउटरमध्ये खास वाट मोकळी करून द्यावी लागते आणि घराच्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येईल असा क्रमांक, असावा लागतो. अनेक इंटरनेट कंपन्या आता एकाच सार्वजनिक पत्त्याआड पुष्कळ ग्राहक बसवतात, त्यामुळे बाहेरून आलेल्याला नेमके घर सापडतच नाही. क्लाउडचा कॅमेरा ही अडचण उलट्या बाजूने सोडवतो. तो स्वतःच आतून बाहेर सर्व्हरशी संपर्क साधतो, आपला फोनही त्याच सर्व्हरकडे विचारणा करतो, आणि दोघांची गाठ तिथे पडते. राउटरमध्ये कोणतेही दार उघडे ठेवावे लागत नाही.

इंटरनेटचा खर्च किती, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. १०८०-पी (फुल एचडी) कॅमेरा साधारण २ मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने अखंड चित्रीकरण पाठवत राहिला, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी, म्हणजे महिन्याला साडेसहाशे जीबीच्या घरात डेटा जातो. कोकणातल्या बंद घरासाठी याची काहीच गरज नाही. हालचाल झाली तेवढेच चित्रीकरण पाठवायचे ठरवले, आणि दिवसभरात पंधरा सेकंदांच्या चाळीस चित्रफिती झाल्या असे धरले, तरी तो हिशेब दीडशे एमबीवर थांबतो. गावातील केबलवाल्याकडचा सर्वांत स्वस्त फायबर प्लॅन त्यासाठी पुरून उरतो. फायबर पोहोचलेलाच नसेल तर सिमकार्ड घालता येणारे ४-जी कॅमेरे मिळतात; मात्र विकत घेण्यापूर्वी कॅमेरा जिथे लावायचा नेमक्या त्याच वाशाखाली उभे राहून कोणत्या कंपनीची रेंज येते ते फोनवर तपासावे, कारण अंगणात मिळणारी रेंज पडवीत मिळेलच असे नाही.

आता ज्या रात्रीमुळे या व्यवस्थेवर माझा पूर्ण विश्वास बसला, ती रात्र सांगते. २०२३ चा ऑगस्ट महिना होता आणि पाऊस थोडा उघडला होता. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी विहिरीकडच्या कॅमेऱ्याने दोन माणसे टिपली. माझा फोन उशाशी होता, पण मी गाढ झोपेत होते. माझा थोरला भाऊ न्यू जर्सीत असतो. तिथे तेव्हा दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि तो कार्यालयात बसला होता. सूचना येताच त्याने ॲप उघडले, एक माणूस विहिरीवरच्या पंपापाशी वाकलेला पाहिला आणि कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून मोठ्याने "कोण आहे तिकडे?" असे विचारले. चित्रफितीत ते दोघे दचकून एकमेकांकडे पाहतात आणि बेड्याकडे, म्हणजे आवाराच्या फाटकाकडे, पळत सुटतात, एवढे स्पष्ट दिसते. दादाने लगेच शेजारच्या अप्पांना फोन केला, अप्पांचा मुलगा बॅटरी घेऊन आणखी दोघांसह आमच्या आवारात आला, आणि त्यानंतर दादाने मला उठवले. पंपाचा पाइप कापलेला होता. पंप जागेवर होता.

या घटनेतील दादाचा वाटा मी पुन्हा पुन्हा आठवते. पुण्यात मध्यरात्र असते तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपार असते. परदेशी असलेल्या मुलांना गावच्या घरासाठी काही करता येत नाही, अशी खंत किती तरी कुटुंबांत बोलून दाखवली जाते. एकाच खात्यात दोघा-तिघांना जोडता येण्याच्या साध्या सोयीमुळे आमच्या घराची रात्रपाळी आपोआप दादाकडे गेली आहे, आणि ती त्याने मनापासून स्वीकारली आहे.

घरातून पाहणे, बोलणे आणि मदत मागणे या तिन्ही गोष्टी एकत्र आणण्याची कल्पना मुळीच नवी नाही, हे मला नंतर वाचनात समजले. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पतीच्या साहाय्याने १९६६ मध्ये अशा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते तिला मिळाले. दारावरच्या वेगवेगळ्या उंचीच्या भोकांतून पाहणारा कॅमेरा, आत टीव्हीचा पडदा, दाराबाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय आणि मदत बोलावण्याचे बटण असे सारे तिने योजले होते. तिच्या आणि तिच्या पतीच्या कामाच्या वेळा अवेळीच्या होत्या आणि त्या वस्तीत पोलीस यायला उशीर लागत असे. घरी अवेळी एकटीने राहावे लागणाऱ्या बाईने आपल्या घरासाठी केलेला हा विचार आहे, म्हणून त्याचे मला विशेष मोल वाटते.

कोकणात हे कॅमेरे सांभाळायचे तर काही गोष्टी कंपनीच्या पुस्तिकेत सापडत नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात रात्रीमागून रात्री दहा-बारा खोट्या सूचना येऊ लागल्या, आणि प्रत्येक चित्रफितीत एक पांढरा जाड दोर पडदाभर झुलताना दिसे. तो कोळ्याच्या जाळ्याचा एकच तंतू होता. अंधारात पाहण्यासाठी कॅमेरा भोवती इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, रात्री कॅमेऱ्यापाशी किडे येतात, किड्यांसाठी कोळी आणि पाली येतात, आणि भिंगासमोर बोटभर अंतरावर असलेला तंतू त्या प्रकाशात नारळाच्या सुंभाएवढा दिसतो. अप्पांचा मुलगा आता पंधरवड्यातून एकदा केरसुणीने कोळिष्टके काढतो आणि भिंग मऊ कापडाने पुसतो. शिवाय ॲपमध्ये "हालचाल" याऐवजी "माणूस" हा पर्याय निवडल्यापासून हलणारी केळीची पाने, माकडे आणि शेजारचे मांजर यांच्यासाठी फोन वाजत नाही. सूचना जितक्या कमी तितके आपले लक्ष अधिक असते. रोज वीस वेळा उगाच वाजणारा फोन एकविसाव्या वेळी कोणी पाहत नाही.

चिऱ्याच्या भिंती वाय-फायला फार जड जातात. माजघरातल्या राउटरचा सिग्नल दोन भिंती ओलांडून विहिरीकडे पोहोचेना, म्हणून शेवटी पडवीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा लहान राउटर बसवावा लागला. कॅमेरा आयपी ६६ दर्जाचा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा सोसणारा, असला तरी त्याच्या शेपटीकडची जोडणी तितकी सुरक्षित नसते. ती बंद डबीत घालून कॅमेरा पागोळ्यांच्या आत, वाशाला लावावा. आणखी एक गोष्ट त्या ऑगस्टच्या रात्री लक्षात आली. बेड्यापाशी उभ्या असलेल्या मोटारसायकलची नंबरप्लेट आम्हाला वाचता आली नाही, कारण प्लेटवरचा चकाकणारा मुलामा इन्फ्रारेड प्रकाश सरळ परत फेकतो आणि चित्रात नुसती पांढरी पाटी उरते. बेड्यावर आता आम्ही हालचालीने लागणारा साधा एलईडी दिवा बसवला आहे. पांढऱ्या उजेडात कॅमेरा रंगीत चित्र घेतो आणि नंबरही दिसतो.

विजेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्याबाबत खोटी आशा दाखवणे योग्य होणार नाही. वीज गेली आणि राउटर बंद पडला, की क्लाउडचा कॅमेरा आंधळा आणि मुका होतो. कॅमेरा आणि राउटर दोन्ही मिळून फारच थोडी वीज खातात, त्यामुळे राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस काही तास निभावून नेतो. आमच्याकडे जुन्या इन्व्हर्टरवर ही एवढीच जोडणी ठेवल्याने दीड दिवस निघतो. त्यापुढे मात्र काही चालत नाही. म्हणून कॅमेऱ्यात मेमरी कार्डही घातलेले आहे, म्हणजे इंटरनेट तुटले पण वीज असली तर चित्रीकरण निदान तिथे तरी साठते. कॅमेरा ऑफलाइन गेल्याची सूचना ॲपमध्ये सुरू करून ठेवावी. चोराने बाहेरून वायर तोडली असेल, तर तीच सूचना पहिली खूण ठरते.

पुराव्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण इथे चांगली चांगली माणसे चुकतात. व्हॉट्सॲपवर फिरवलेली चित्रफीत न्यायालयात जशीच्या तशी चालत नाही. या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निर्णय आपल्या जालन्यातून गेलेल्या प्रकरणावर आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि त्यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा आधार घेतला गेला. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ उपकरण न्यायालयासमोर ठेवता येत नसेल, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. क्लाउडवरचा सर्व्हर कोणीच न्यायालयात नेऊ शकत नाही, म्हणून आपल्यासारख्यांना हे प्रमाणपत्र लागतेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला असून, ही तरतूद आता त्याच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीत दिलेला आहे, त्यात एक भाग चित्रीकरण सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यातील मजकुरावरून गणिताने निघणारी ओळखखूण, नोंदवायचे असते. फाइलमध्ये तिळाएवढा बदल झाला तरी हे मूल्य बदलते. तेव्हा प्रसंग घडला की मूळ चित्रफीत ॲपमधून त्याच दिवशी उतरवून घ्यावी, तिचे नाव बदलू नये, तिला काटछाट करू नये आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवावी. बऱ्याच प्लॅनमध्ये जुने चित्रीकरण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, हेही ध्यानात असू द्यावे. क्लाउडचा इथला एक लाभ घड्याळाचा आहे. आमच्या जुन्या डीव्हीआरचे घड्याळ अर्धा तास मागे पडले होते, तर हे कॅमेरे आपली वेळ इंटरनेटवरून जुळवून घेत असल्याने चित्रावरची तारीख-वेळ निःशंक सांगता येते.

घराचे चित्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवायचे, ही भीती रास्त आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. त्याच उपकरणांच्या बळावर त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली गेली. कंपन्यांच्या आतूनही धोका असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये रिंग या कंपनीवर, तिच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांची खासगी चित्रीकरणे पाहता येत होती असा आरोप ठेवला, आणि ५८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले गेले. आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ पासून इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या आहेत, त्यामुळे रस्त्याकडेच्या दुकानातील बिननावाचा स्वस्त कॅमेरा घेण्याचा मोह टाळावा आणि भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) नोंदणी क्रमांक पाहूनच खरेदी करावी. बाकी काळजी आपल्या हातची आहे: इतर कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड, लॉगिनसाठी फोनवर येणारा दुसरा कोड, आणि ॲपने सुचवलेले अपडेट वेळच्या वेळी घेणे. कॅमेरा बसवणाऱ्या माणसाने स्वतःच्या फोनवर आपले खाते उघडलेले असेल, तर तो निघण्यापूर्वी ते बंद करून घ्यावे. आम्ही हे विसरलो होतो आणि चार महिन्यांनी लक्षात आले.

घराच्या आत आम्ही कॅमेरा लावलेला नाही आणि लावणारही नाही. मे महिन्यात सगळी भावंडे जमतात, बायका पडवीत झोपतात, म्हणून त्या दिवसांत पडवीचा कॅमेराही बंद ठेवतो. एकत्र राहत्या घरात सहनिवासी व्यक्तीच्या संमतीवाचून कॅमेरे चालवणे हा तिच्या खासगीपणाचा भंग आहे, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. अप्पांच्या परसाचा एक कोपरा आमच्या चित्रात येत होता; ॲपमध्ये तेवढा भाग काळा करून टाकण्याची सोय आहे, ती वापरली आणि अप्पांना आमच्या फोनवर तसे दाखवलेही. ज्यांच्या भरवशावर आपले घर उभे आहे, त्यांच्या न्हाणीघराकडे आपला कॅमेरा रोखलेला असू नये, यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

खर्चाचे सांगायचे तर दोन कॅमेऱ्यांना मिळून ६,८०० रुपये लागले आणि क्लाउडची वर्षाची वर्गणी २,४०० रुपये आहे. हा खर्च दरवर्षीचा आहे, ही या व्यवस्थेची खरी उणी बाजू. वर्गणी थांबली की साठवण थांबते, आणि कंपनीने सेवा बंद केली तर कॅमेरा निरुपयोगी होऊ शकतो. म्हणून ऑनव्हिफ हे सामाईक मानक पाळणारा आणि मेमरी कार्डावरही चालणारा कॅमेरा निवडावा, म्हणजे वेळ पडली तर तो दुसऱ्या व्यवस्थेला जोडता येतो.

आमच्या फोनवर रोज संध्याकाळी सातच्या सुमारास एक सूचना येते. शेजारच्या वहिनी आमच्या तुळशीपाशी दिवा लावायला येतात, त्यांना कॅमेरा टिपतो. आमच्याकडे तेव्हा दिवेलागण असते आणि उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे दादाकडे सकाळचे साडेनऊ. ठरावीक वेळेच्या सूचना बंद करण्याची सोय ॲपमध्ये आहे, पण आम्ही दोघांनीही ती वापरलेली नाही, कारण त्या एका सूचनेवरून वीज, राउटर आणि कॅमेरा हे तिन्ही ठीक असल्याचे रोजच्या रोज समजते. गेल्या जुलैत ती सलग दोन दिवस आली नाही, तेव्हा मी ॲप उघडून पाहिले. अंगण स्पष्ट दिसत होते, पाऊस लागून राहिला होता, तुळस ओली होती. मी अप्पांना फोन केला. वहिनींना ताप होता आणि त्या अंथरुणातून उठल्या नव्हत्या.